तारांखालची पेन्सिल

दादांची गिटार आपण बिघडवली हे मेस्त्रींना कळलं, तेव्हा दुपारचा चहा नुकताच आला होता. तो तसाच गार झाला, वर साय धरली, आणि मेस्त्री हातातली कानस खाली ठेवायचंही विसरून बसून राहिले.

जिन्याखालचं ते दुकान. दुकान म्हणायचं ते आपलं मेस्त्रींचं मन राखायला. आत एक माणूस बसला की दुसऱ्याने बाहेरच्या स्टुलावर बसायचं. दुसऱ्यांची वाद्यं दुरुस्त करण्यात मेस्त्रींचा उभा जन्म तिथे गेला. अलीकडे डोळे दगा देत होते, सकाळी बोटं लवकर वळत नव्हती, आणि घरी जेवता जेवता घास हातात असतानाच डुलकी लागायची. बायको रोज म्हणायची, "अहो, पुरे करा आता. ते दुकान काय तुमच्यावाचून रडणार आहे?" मेस्त्री म्हणायचे, "बघू." या 'बघू'चा आता त्यांनाच कंटाळा आला होता.

त्या दिवशी टेबलावर दोन गिटारी होत्या. एक होती नव्याने शिकणाऱ्या एका मुलीची. तारा फार उंच आहेत, दाबून बोटं सोलतात, जरा खाली घ्या, असं ती सांगून गेली होती. दुसरी दादांची स्टील गिटार. तिची नुसती एक खुंटी सैल होती. आता स्टील गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवतात. तारा बोटांनी दाबायच्या नसतात, त्यांच्यावरून स्टीलची कांडी फिरवायची असते. म्हणून मानेच्या टोकाला हाडाची उंच पट्टी बसवून तारा मुद्दाम वर उचलून धरतात, नाहीतर कांडी खाली मानेवर बसवलेल्या धातूच्या पडद्यांवर आपटते. दादांच्या गिटारीची ही पट्टी मेस्त्रींनीच घडवली होती, आणि दादा भेटेल त्याला तिचं कौतुक सांगत. तीच पट्टी मेस्त्रींनी अर्धवट झोपेत, त्या मुलीची गिटार समजून, सवयीच्या हाताने घासून खाली आणली. नवशिक्याच्या हातून हे झालं नसतं, त्याने आधी दहादा विचारलं असतं. अशी चूक करायला जन्मभराचा सराव लागतो.

बरं, गिटार कुणा ऐऱ्यागैऱ्याची असती तर गोष्ट वेगळी. दादांचं वादन ऐकायला लोक कामंधामं टाकून येत. मोठ्या माणसांचा साधेपणा बहुतेक वेळा डोंगरासारखा, दुरूनच साजरा असतो. जवळ गेलं की समजतं. दादांचं तसं नव्हतं. रस्त्यात कुणी अनोळखी माणूस थबकला आणि हातांचं काय करावं ते न कळून उभा राहिला, की दादा गिटारीची पेटी सरळ त्याच्याच हातात देत. "ही जरा धरा हो," म्हणत, आणि मग त्याच्या घरादाराची चौकशी करत. पेटी धरली की माणसाचा संकोच जाई. बरोबरचे वादक वैतागत, "दादा, एखादा घेऊन पळेल!" दादा म्हणत, "पळू दे, निदान वाजवेल तरी."

म्हणूनच मेस्त्रींना दादांना तोंड दाखवणं जड वाटत होतं. दादा ओरडणाऱ्यातले असते तर परवडलं असतं. पण ते ओरडणार नाहीत, हसून 'असू द्या' म्हणतील. आणि दादांनी 'असू द्या' म्हटलं की आपला हात संपला, हे मेस्त्रींना पक्कं ठाऊक होतं. म्हाताऱ्या, निरुपयोगी माणसालाच लोक 'असू द्या' म्हणतात.

दिवस कलताना दादा आले. कार्यक्रम त्याच संध्याकाळी होता. ते स्टुलावर बसले, इकडचं तिकडचं बोलू लागले, तोच मेस्त्री म्हणाले, "दादा, मी तुमची पट्टी घासली. चुकून."

दादांनी गिटार मांडीवर घेतली, कांडी फिरवली. खडखडाट झाला.

"मेस्त्री," दादा म्हणाले, "पार वाट लावलीत की हो!"

मेस्त्रींना खरोखर बरं वाटलं. दादांनी त्यांच्या कानावर खोचलेली पेन्सिल काढून घेतली, तारा ढिल्या केल्या, पट्टीशेजारी पेन्सिल सरकवली आणि तारा पुन्हा ताणल्या. कांडी फिरली, सूर स्वच्छ निघाला.

"मी शिकलो तो असाच. काकाची मोडकी गिटार आणि एक पेन्सिल," दादा म्हणाले. "आजची वेळ निभावेल."

"तुमची निभावेल. मी मात्र दुकान बंद करतोय. हात गेला माझा."

दादांनी कांडी खाली ठेवली. त्यांच्याही डोळ्यांखाली काळं धरलं होतं. "माझंही काही खरं नाही," ते म्हणाले. "या वाद्यात पडदे तुम्हाला सांभाळून घेत नाहीत. कांडी केसभर सरकली की सूर गेला. मागच्या खेपेला सरकली, असं मला वाटतं. पण विचारावं कुणाला? जो तो म्हणतो, 'दादा, काय वाजवलंत!' तुमचे कान अजून शाबूत आहेत. आज येऊन बसा आणि खरं काय ते सांगा. तुम्ही नवी पट्टी करा, जमली नाही तर मी तोंडावर सांगेन. तोवर दोघांनीही आपल्या मनाने दुकान बंद करायचं नाही. कबूल?"

मेस्त्रींनी मान डोलावली. नाही म्हणायचंही त्राण नव्हतं.

सभागृह भरलं होतं. मेस्त्री कडेच्या खुर्चीवर बसले, डोळे मिटून. एका संथ चालीत कांडी वर चढली आणि सुराच्या अलीकडेच थांबली. दादांनी ती झटक्यात सावरली. पुढे पुन्हा तसंच झालं, आणि या वेळी त्यांनी सावरली नाही. शेजारची बाई पदराने डोळे पुसत होती. टाळ्या थांबता थांबेनात. मेस्त्रींचेही डोळे भरून आले, पण कारण निराळं होतं.

गर्दीत दादांची पेटी या हातातून त्या हातात फिरत होती. मेस्त्री दिसताच दादांनी ती परत घेतली आणि त्यांना बाजूच्या पायऱ्यांपाशी नेलं.

"बोला."

'छान झालं' हे शब्द मेस्त्रींच्या जिभेवर तयार होते. माणूस दमलेला होता, म्हातारा होता, देवमाणूस होता. कशाला बोलायचं? आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की आपण दादांना 'असू द्या' म्हणायला निघालो आहोत.

"वरचा सूर पोचला नाही, दादा," ते म्हणाले. "दोनदा. पहिल्यांदा तुम्ही सावरलात. दुसऱ्यांदा तुम्हाला कळलंच नाही."

दादा पायरीवर बसले. दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले.

"दुसऱ्यांदा," ते म्हणाले. "नाही कळलं खरं." मग चेहऱ्यावरून हात फिरवून म्हणाले, "बरं झालं तुम्ही सांगितलंत. सगळे फार चांगलं वागतात हो माझ्याशी."

मेस्त्री शेजारी बसले. हातांचं काय करावं, त्यांना सुचेना. दादांनी ते पाहिलं. पेटी उचलून त्यांच्या हातात दिली.

"ही जरा धरा."

दोघे रस्त्यापर्यंत चालत गेले. दादांनी वाटेत त्यांच्या बायकोची चौकशी केली, डोळ्यांना औषध कुठलं घालता ते विचारलं. गाडी आली, दादा आत बसले, दार लागलं. पेटी त्यांनी परत मागितली नाही.

"दादा, गिटार!"

दादांनी काच खाली केली. "पट्टी करा," ते म्हणाले. "आता घाई नाही."

सकाळी बायकोने विचारलं, "आजही जाणार?" मेस्त्री नेहमीसारखं 'बघू' म्हणाले नाहीत. चपला घातल्या, पेटी उचलली आणि दुकान उघडायला गेले.