इस्त्रीवरचे पापड

मॉरिशसच्या राजधानीत ताई आणि मी एका स्वस्तातल्या हॉटेलात उतरलो होतो. खोलीत स्वयंपाकाला सक्त मनाई होती. तिसऱ्या दिवशी ताईला पाव बघवेना. नाशिकहून आणलेले उडदाचे पापड काढून ती मला म्हणाली, "खाली जा आणि इस्त्री मागून आण."

मी दाराशी पहारा दिला. ताईने इस्त्री उलटी धरून सहा पापड झकास भाजले. मग इस्त्री पुसून आम्ही साळसूदपणे परत केली.

सकाळी नाश्त्याला शेजारच्या टेबलावरचे गोरे आजोबा आपल्या नुकत्याच इस्त्री केलेल्या सदऱ्याची बाही सारखी हुंगत होते. शेवटी त्यांनी वेटरलाही हुंगायला लावली. तो बिचारा चाचरत म्हणाला, "हिंग आहे, सर."

माझा चहा नाकात गेला. ताई मात्र गंभीरपणे बशीतला पाव खात राहिली.

आजोबा हसले. वास कसलाही असो, आपल्याला भूक लागली, असं म्हणाले.

संध्याकाळी ताईने त्यांच्या दारावर टकटक करून दोन गरम पापड दिले. कशावर भाजले, असं त्यांनी विचारलं, तेव्हा ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "आमच्या घरची खास पद्धत आहे."