मुंगसाची पिशवी

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, कार्टूनच्या स्टुडिओत चित्रं काढायचे. अख्खी मालिका नव्हे हो, फक्त एक मुंगूस, आणि तेही सबंध नाही. मुंगूस पाठीमागे हात घालतं, शून्यातून हातोडा, शिडी, बाथटब असलं काहीतरी उपसतं आणि समोरच्याच्या डोक्यात घालतं, तेवढाच तुकडा भाऊजींचा. घरी मात्र त्यांना वेळेला पेचकस सापडायचा नाही. "तिकडे बाथटब काढता आणि इकडे स्वतःचा चष्मा मिळेना," ताई म्हणायची.

त्या तुकड्यातच सगळी मेख होती. हात मागे जाताना बघणाऱ्याची नजर मुंगसाच्या तोंडावर हवी, म्हणून भाऊजी आधी त्याचे डोळे विस्फारायचे आणि मग हात हलवायचे. वस्तू आली कुठून, हे विचारायला कुणाला सवडच मिळत नसे.

मग नवे साहेब आले. त्यांना सवड होती.

"एवढं सामान येतं कुठून? मुंगसाला पिशवी द्या," ते म्हणाले. कॉम्प्युटरवर हातोडे एका बोटासरशी उगवायला लागल्यापासून भाऊजींची जागा डळमळीत झालीच होती. पिशवीचा भाग मुलांना आवडला तर नोकरी राहणार, नाहीतर नारळ.

"भाऊजी, एक पिशवी काढायची, त्यात काय एवढं?" मी म्हणालो.

"पिशवी काढली की तिचं वजन काढावं लागतं रे."

झालं! बाथटब आत म्हटल्यावर पट्टा खांद्यात रुतला, पाठ वाकली, पाय फरफटले. मी कपाळावर हात मारला. हा माणूस पोटावर पाय आला तरी चित्रात खोटं करणार नाही, याचा मला तेव्हा भयंकर राग आला.

चाचणीला मुलं बोलावली होती. मुंगूस पिशवी ओढत पडद्यावर आलं. कुणी हसेना. त्याने हातोडा काढला, तरी कुणी हसेना. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी रडवेली होऊन म्हणाली, "त्याला ती खाली ठेवू द्या ना."

मालिका बंद झाली आणि भाऊजी घरी बसले. बाकीच्या स्टुडिओंनी चहा पाजून वाटेला लावलं. एकानेच नमुना मागितला. ससा, पाठीमागून शिडी काढणारा, पिशवी वगैरे काही नको. ताईला हायसं वाटलं. हा तर त्यांच्या हातचा मळ!

भाऊजी टेबलाशी बसले. ससा उमटला तो वाकलेलाच. त्यांनी खोडून पुन्हा काढला. पुन्हा खांदा खाली, गुडघे दुमडलेले. टेबलाखाली कागदांचे बोळे साचत गेले.

"अहो, पाठीवर काहीच नाहीये त्याच्या. सरळ काढा ना," ताई म्हणाली.

"माहितीये गं," भाऊजी म्हणाले. "पण आता येतच नाही."