यादीत नसलेलं गाव

पुण्याचे लोक प्रोग्राम लिहायचे, नागपूरचे जुने कागद टाइप करायचे आणि चंद्रपुरात आम्ही ते तपासायचो. काम जमिनीच्या नोंदी संगणकावर आणायचं. तिघांची मोट बांधणं माझ्याकडे, म्हणजे फोन करायचे, तारखा सांभाळायच्या आणि वर 'सगळं वेळेत' असं कळवायचं. शेवटचं मला फार छान जमायचं.

तपासणीला भद्रावतीहून एसटीनं एक बाई यायच्या. घर त्यांच्या एकटीच्या नोकरीवर चालायचं. एके दिवशी टेबलाशी येऊन म्हणाल्या, "भाऊ, माह्या माहेरचं गावच गायब केलं जी त्यायनं. माल ठेवलं अन् चक उडवलं."

आमच्याकडे एकाच नावाची दोन गावं सर्रास असतात. एकाच्या नावापुढे माल, दुसऱ्याच्या चक. पुण्याच्या शहाण्यांनी ही शेपटं कापली आणि उरलेलं नाव दोनदा आलं म्हणून एक पुसलं. मी फोन केला. "मग तारीख पुढे ढकलायची का?" पलीकडून विचारलं. नको, पुढच्या फेरीत बघू, मी म्हणालो. बाईंना सांगितलं, संगणकावरच्या चुकांच्या फॉर्ममध्ये टाकून ठेवा.

चार महिन्यांनी चकातले लोक सातबारा घ्यायला आले, तर त्यांची शेतं मालात. बोंब झाली. पुण्यानं हात वर केले. नागपूर म्हणालं, आलं तसं टाइप केलं. बैठकीत सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी तपासणीकडे बोट दाखवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! त्यातला चोर मी होतो.

उद्यापासून येऊ नका असं कळल्यावर बाई माझ्याकडे आल्या. "मी तुमाले सांगतलं होतं नं भाऊ?"

"लेखी काऊन नाई टाकलं मंग?" मी उलट विचारलं. अजून लाज वाटते त्या वाक्याची.

त्यांनी माझ्याच संगणकावर तो फॉर्म उघडला. पहिला रकाना गावाचा. गाव यादीतून निवडायचं, त्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नसे. पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "दाखवा, कुठी हाय आमचं चक?"

तो फॉर्म मीच मंजूर केला होता.

पुढच्या फेरीत यादी दुरुस्त झाली, चक परत आलं. बाईंना परत बोलवा, असं मात्र मी कोणालाच म्हणालो नाही.