तिळाभोवतीचं पांढरं कडं

दिवाळीच्या पहाटे लेकीच्या पाठीला तेल लावताना मला ते दिसलं. मानेखाली तिचा जुना तपकिरी तीळ, आणि त्याच्याभोवती पांढरं कडं. कंपासनं काढावं तसं गोल. माझ्या मावशीला कोड होतं. ती कुहीला माहेरीच म्हातारी झाली. आणि माझ्या लेकीला नुकतीच भिवापूरच्या स्थळाची पसंती आली होती.

लेक मिहानमधल्या कंपनीत इंजिनियर. ती शांतपणे म्हणाली, "आई, डॉक्टरले दाखवू ना."

"दवाखान्यात कोनी पाहिलं तं? चुप बस वं," मी म्हटलं.

आमच्याकडे असा डाग जाळायचा म्हणजे बिब्बा. त्यात सुई खुपसली, दिव्यावर धरली, सुटलेलं तेल तिळावर आणि कड्यावर नीट फिरवलं. बाईला अक्कल नसली तरी हात फार सफाईनं चालतात. "जळून राहिलं आई," ती म्हणत होती. मी फुंकर घालत होते, पण थांबले नाही.

फोड आले, पू झाला, महिनाभर ती पालथी झोपली. जखम भरली तेव्हा तिथं तळहाताएवढा पांढरा डाग होता. मग बोटांच्या पेरांवर डाग आले, मग ओठाच्या कोपऱ्यात. साखरपुड्याच्या आठ दिवस आधी भिवापूरहून फोन आला. पोरगी गुणाची आहे, पण आमच्या घरात जमनार नाही, म्हणाले.

आता लपवायला उरलंच काय होतं! तेव्हा मी तिला डॉक्टरकडे नेलं. लेकीनं जाळण्याआधी आरशातून मोबाईलवर काढून ठेवलेला तिळाचा फोटो त्यांनी मोठा करून पाहिला. "हा निरुपद्रवी तीळ होता. शरीर स्वतःच तिळाचा रंग खाते, म्हणून असं कडं पडते. तरुण मुलामुलींच्या पाठीवर कधीमधी दिसते. दुखत नाही, खाजत नाही. काही वर्षांत तीळ विरते, मग कड्यातही बहुतेक रंग भरते. नुसतं लक्ष ठेवायचं होतं."

सुंठीवाचून खोकला जाणार होता आणि मी बिब्बा घेऊन बसले होते.

"मंग हे बाकीचं माझ्यानं झालं का?" मी विचारलं.

ते म्हणाले, "सांगता येत नाही. अशा तिळासोबत काहींना कोड येतेही. पण जाळल्यानं ते भडकू शकते."

बाहेर रिक्षात लेक एवढंच म्हणाली, "पाठ माझी होती, आई. मले काहून नाही विचारलं?" मी रिक्षावाल्याला घराचा पत्ता सांगितला. मलम चालू आहे, डाग वाढतच आहेत, आता कोपरापर्यंत आलेत.

परवा एक स्थळ येणार होतं. ती आरशासमोर उभी होती आणि माझ्याच तोंडून निघालं, "लांब बाह्यांचा घाल वं." तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ड्रेस बदलला.