गाबोळीची मादी

नंदू चौबळ मूळचा अलिबागचा. इंग्लंडात लीड्सच्या बस डेपोत इलेक्ट्रिशियन म्हणून जन्म काढला. रिटायर झाल्यावर माणसाने गप पेपर वाचावा, भजनाला जावं, तर ह्याला गोऱ्यांच्या अँगलिंग क्लबात शिरायचं होतं! उत्तरेकडच्या एका लहानशा नदीवर गळाने मासे धरणाऱ्यांचा क्लब. आधी वर्षभर उमेदवारी, मग कमिटीचा कौल. एकाने जरी नाही म्हटलं, की संपलं.

२००५चा उन्हाळा त्याने ट्राउट धरण्यात घालवला. सेक्रेटरी हेब्डन मात्र निघताना हमखास त्याच्या पिशवीत डोकवायचा. "तुमच्यात सगळंच खातात ना?" असं हसत विचारायचा. नंदूही हसायचा. न हसून करतो काय?

घरी बायकोची, सुलक्षणाची, केमो चालू होती. अन्नावरची वासनाच उडाली होती तिची. ऑक्टोबरात एका सकाळी ती आपणहून म्हणाली, "अहो, ताजी गाबोळी मिळाली ना, तर दोन घास जातील हो." नंदूला रडूच फुटलं. माशाच्या अंड्यांसाठी मार्केट पालथं घातलं, तर मिळाली ती कॉडची, शिजवून ठेवलेली. तिला त्याचा वासही सोसेना.

त्याच शनिवारी नदीवर त्याच्या गळाला सॅमन लागला. दमवून दमवून जाळ्यात घेतला, तर मादी! पोट हे एवढं टम्म. आत काय आहे ते अलिबागकराला सांगावं लागत नाही. पण क्लबचा नियम होता, अंड्यावरची मादी परत सोडायची. वर काठावर हेब्डन आणि दोघे मेंबर येऊन उभे राहिले होते, आणि कौल आठवड्यावर आला होता.

नंदूने तिला वाहत्या पाण्यात दोन्ही हातांनी धरलं. तिच्या अंगात जीव आला, शेपटी हलली आणि ती गेली. काठावर टाळ्या पडल्या. "वेल डन, नँडी!"

सुलक्षणाने नदीत तरी मिळेल, एवढ्या आशेवर लसूण-मिरचीचं वाटण करून ठेवलं होतं, धापा टाकत. नंदूने सगळं सांगितलं.

"सोडलीत?" ती म्हणाली. मग त्याचा चेहरा बघून, "बरं केलंत. पोटुशी होती बिचारी." वाटणावर ताटली झाकून ती आत जाऊन पडली.

नाताळच्या आधी ती गेली. मेंबरशिप एकमताने मिळाली होती.

वसंतात नदीवर हेब्डन भेटला, दोन शब्द सांत्वनाचे बोलला. नंदूला राहवलं नाही, भडाभडा सगळं बोलून गेला.

"अरे देवा, सांगायचंस तरी!" हेब्डन म्हणाला. "एका माशासाठी कोण अडवणार होतं तुला? मीसुद्धा नेतो की वर्षाला एखादी अंड्यावरची मादी, आमच्या मांजरांना फार आवडते."

त्या हरामखोराला तिथेच पाण्यात लोटायचा की नाही? पण आमचा नंदू, गाढव, त्याला थँक यू म्हणाला.