डिकीत काही ठेवायचं नाही

टप उघडतो, एवढंच बघून मी ती गाडी घेतली. इंजिन बघितलं नाही, टायर बघितले नाहीत. पुण्यातल्या दलालानं बटण दाबलं, वरचं कापडी छप्पर उचललं गेलं, घडी होऊन मागं डिकीत जाऊन बसलं आणि मी येड्यासारखा हसलो. कुरकुंभला केमिकल कंपनीत मेंटेनन्सला आहे मी. वीस वर्षं पंप उघडतोय, गळती काढतोय. माझ्यासारख्यानं असं फसावं, याची चीड अजून जात नाही.

कारण होते आबा. माझे वडील. त्यांनी सगळं आयुष्य बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं. मांडवगण फराट्यापासून दौंडपर्यंत किती नवरदेव कार्यालयाच्या दारात पोचवले असतील, त्यांनाही सांगता यायचं नाही. कायम पायी, कायम पुढं. मागं घोड्यावर नाहीतर गाडीत बसलेला माणूस दुसऱ्या कुणाचा तरी. माझ्या पोराचं लग्न जमायच्या गोष्टी सुरू झाल्या तेव्हाच मी मनाशी ठरवलं, या मिरवणुकीत आबा चालणार नाहीत. उघड्या गाडीत नातवाच्या शेजारी बसतील, आणि गाव बघंल. त्या गाडीकडून मला दुसरं काही नको होतं.

जर्मन गाडी, आधीच्या मालकानं आठ वर्षं वापरलेली. नव्या साध्या गाडीच्या भावात मिळाली म्हणून मी खूष. घरी आणली आणि तिसऱ्या आठवड्यात टप अर्ध्यावर अडकला, धड उघडा नाही, धड बंद नाही. वरून प्लास्टिकचा कागद टाकून तशीच पुण्याला नेली. गावातल्या गतिरोधकांवर पोट घासत, उसाच्या ट्रॉल्यांमागं धूळ खात. मेस्त्री म्हणाला, टपाचा पंप गेलाय, एक लाख दहा हजार. मी म्हणालो, "अहो, असला पंप मी कंपनीत दोन तासांत उघडून सील बदलून देतो." तो म्हणाला, "हा उघडत नाही साहेब, अख्खा बदलायचा." पैसे मोजून दिले.

मग चटकच लागली तिला. पाण्याची टाकी तडकली, तिच्यापाठोपाठ वॉटर पंप, दोन्हीचे मिळून साठ हजार. डावी काच खाली गेली ती वर येईना. एक टायर फुटला तर कळलं, हिला स्टेपनीच नसते, आणि टायर घ्यायचे तर जोडीनं. एवढं होतंय तोवर उंदरांनी वायरिंग खाल्लं. घरात गव्हाची पोती उघडी पडलेली असताना यांना जर्मन वायर गोड लागली. बायको म्हणायची, "दारात पाहुणी आणून ठिवलीय तुम्ही. नुसता मान करायचा, काम सांगायचं न्हाई." मी ऐकून घ्यायचो. तिचं चुकत नव्हतं.

एका ठिकाणी मात्र मी हात आखडला. स्टेअरिंगमागच्या स्क्रीनची अक्षरं अर्धी उडाली होती. बदलायचे पंचेचाळीस हजार. म्हटलं, गाडी चालवायचीय, वाचायची नाही. राहू दे.

मेस्त्रीनं गाडी देताना एक गोष्ट बजावून सांगितली. डिकीत एक पडदा असतो, तो खाली ओढलेला लागतो. कशाचा धक्का लागून वर सरकला, तर टप जागचा हलत नाही. घरी येऊन मी सगळ्यांना दम भरला, "डिकीत काही ठेवायचं नाही. पिशवी नाही, छत्री नाही, नारळसुद्धा नाही." आबांनी मान हलवली. ट्रंपेट आणि ढोलाच्या मधोमध उभं राहून त्यांचे कान गेलेत, ते सगळ्यालाच मान हलवतात. मला ते माहीत होतं. तरी परत जवळ जाऊन सांगितलं नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी टप दोनदा उघडून बघितला. लोण्यासारखा चालला. धूळ नको म्हणून बंद केला, आंघोळ उरकली आणि विहाराशी आलो. वंदना झाली, बँड सुरू झाला. आबा नवा फेटा बांधून मागच्या सीटवर बसले, शेजारी नातू. मी बटण दाबलं. टुंग. परत दाबलं. टुंग. स्क्रीनवर अर्धीमुर्धी अक्षरं.

फ्यूज बघितले, बॅटरीची वायर काढून लावली, गाडी बंद करून चालू केली. डिकी तेवढी उघडली नाही, तिच्याबद्दल सगळ्यांना दम भरलाच होता. मेस्त्रीला फोन लावला. "स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचा," म्हणाला. "वाचता येत असतं तर तुला फोन कशाला केला असता," मी ओरडलो. उन्हात सगळं गाव खोळंबलं. मेव्हणा येऊन म्हणाला, "दाजी, आता चला. कार्यालयात पाहुणे वाट बघत्यात." पोरगा उतरला आणि मित्रांबरोबर नाचत पायी निघाला. आबांच्या गुडघ्यांना तेवढं चालणं झेपत नाही. ते आतच बसले.

अशी निघाली आमची मिरवणूक. पुढं बँड, मग नवरदेव, आणि सगळ्यांच्या मागं बंद टपाची गाडी. मागची काच वहीच्या पानाएवढी. आत कोण बसलंय, कुणाला दिसलं नाही. मुंगीच्या पावलानं चालवून इंजिन तापलं आणि कार्यालयाच्या अलीकडं बॉनेटमधून वाफ निघाली. लोक आत गेले. मी रस्त्यावर गाडी घेऊन उभा. रडू येईल असा राग आला होता.

गाडी ओढायचा हूक डिकीच्या तळाशी असतो, म्हणून डिकी उघडली. आत क्लॅरिनेटची काळी पेटी. तिच्यावर पडदा वर सरकून बसलेला.

आबांच्या कानाशी जाऊन मी विचारलं, "आबा, पेटी कुणी ठेवली?"

"म्या ठिवली," ते म्हणाले. "तू आंघुळीला गेला व्हता तवा. म्हणलं, टप उघडला की पोरासाठी दोन गाणी वाजवू. बसून कवा वाजवलंच न्हाई."

मी पेटी काढली, त्यांच्या मांडीवर दिली. पडदा खाली ओढला आणि बटण दाबलं. टप सरळ उचलला गेला आणि घडी होऊन मागं गेला. रस्त्यावर कुणी नव्हतं. बँडवालेसुद्धा जेवायला गेले होते. आबांनी वर बघितलं, मग मोकळ्या रस्त्याकडं बघितलं. पेटी उघडली नाही.

"झाक आता," ते म्हणाले. "ऊन लागतंय."

मी बटण दाबलं. टप कुठंही न अडकता बंद झाला.