बुक्कीचा कांदा

आमचे आप्पा कांदा कधी चिरत नसत. पाटावर ठेवायचा आणि एकच बुक्की! भांडी खणखणायची, नि माय चुलीपुढून ओरडायची, "हळू की जरा! घर पाडता का?" हे रोजचंच होतं.

भूकंपात घर पडलं. माय आत होती. आप्पा रानात जागलीला होते, मी मावशीकडं. तेव्हापासून आप्पांनी बुक्की मारली नाही. पत्र्याच्या शेडात कांदा समोर आला की ताट सरकवून उठायचे. बुक्कीनं घर पडत नसतं, हे त्यांना काय कळत नव्हतं? पण कळून उपयोग काय!

पुढं मला लातूरला शिकवणी लावली. खोलीतल्या पोरी सारख्या घोकत बसलेल्या, बोलायला कुणाला सवड नाही. रविवारी त्यांच्या माया डबे घेऊन यायच्या, तेव्हा मी उगाच कपडे धुवत बसायची. लई एकटं वाटायचं.

जीवशास्त्राच्या सरांनी एकदा सांगितलं, अख्ख्या कांद्याला वास जवळपास नसतोच. पेशीत एन्झाइम एका कप्प्यात, गंधकाचं द्रव्य दुसऱ्यात. किड्यानं चावलं की मधला पडदा फाटतो, दोघं एकत्र येतात आणि किड्याला पळवणारा झोंबरा वास तयार होतो. मला एकदम आमचं जेवण आठवलं. पुढचा तास डोक्यात काही शिरलं नाही.

त्याच आठवड्यात आप्पा निलंग्याच्या एसटीनं आले. वरचा स्लॅब बघून खोलीत शिरेचनात, बाहेर पायरीवरच बसले. मी भाकरी वाढली, मेसमधून कांदा आणला आणि सरांचं सगळं त्यांना ऐकवलं. मी गप्प बसले असते तर मला रडूच आलं असतं.

"म्हंजी फोडल्याबिगर वासच न्हाई?" आप्पा म्हणाले.

"न्हाई."

ते कांद्याकडं बघत राहिले. आज त्यांनी ताट सरकवलं तर मी पुन्हा त्यांच्यासोबत कधीच जेवू शकणार नाही, असं वाटलं मला. मीच कांदा पायरीवर ठेवला आणि बुक्की घातली. मेला निसटून थेट फाटकापर्यंत घरंगळला! उचलून आणला, पुसला, परत सगळा जीव लावून हाणला. फुटला. आमच्या घरातला वास आला.

आप्पांनी एक पाकळी उचलली, भाकरीच्या घासात धरली. घास तोंडाशी नेता नेता थांबले आणि अगदी तिच्यासारखं खेकसले,

"हळू की जरा! घर पाडती का?"